नळीत मावेल तेच क्षेपणास्त्र

मॉस्कोच्या पूर्व वेशीला खेटून रेऊतोव्ह नावाचं शहर आहे. 1955 मध्ये सोव्हिएत अभियंता व्लादिमीर चेलोमेय यांचा ओकेबी-52 हा डिझाइन ब्युरो तिथे उभा राहिला. आजचं त्याचं नाव एनपीओ मशिनोस्त्रोयेनिया. उपग्रह, अवकाशस्थानकं, प्रोटॉन रॉकेट असं पुष्कळ काही या ब्युरोने केलं, पण त्यातलं काही आज घेणार नाही. आज बोलायचं ते नळीबद्दल, म्हणजे क्षेपणास्त्र ज्यात ठेवतात आणि ज्यातून डागतात त्या नळीबद्दल. कारण माझ्या मते या ब्युरोची खरी करामत क्षेपणास्त्राइतकीच, ते ज्या नळीत राहतं त्या नळीत आहे.

त्या काळी क्रूझ क्षेपणास्त्र म्हणजे बिनवैमानिकाचं छोटं विमानच. पाणबुडीवर ते ठेवायचं तर मोठा बंदिस्त कोठा हवा. डागायच्या वेळी पाणबुडी वर आणायची, कोठा उघडायचा, क्षेपणास्त्र रुळावरून बाहेर ओढायचं, पंख उलगडून पक्के करायचे आणि मग डागायचं. अमेरिकेचं रेग्युलस असंच होतं, आणि रशियातच बेरियेव्ह यांच्या ब्युरोचं पी-10 सुद्धा. हलत्या, ओल्या डेकवर माणसं काम करतायत आणि पाणबुडी शत्रूच्या रडारला उघडी पडलीय, असा तो प्रकार.

चेलोमेय म्हणाले, पंख उड्डाणानंतर उघडू द्या. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यांचं पी-5 हे क्षेपणास्त्र बूस्टरसकट, म्हणजे सुरुवातीचा धक्का देणाऱ्या रॉकेटांसकट, सुमारे 5 टनांचं धूड. नळी साधारण 15 अंश उचलायची, झाकणं उघडायची, आतच टर्बोजेट, म्हणजे बाहेरची हवा ओढून चालणारं जेट इंजिन सुरू करायचं आणि शेपटाखालच्या दोन घनइंधन बूस्टरांनी ते बाहेर ढकलायचं. त्या क्षणी वेग इतका कमी असतो की सुकाणूच्या पृष्ठभागांना हवेची धड पकडच नसते. अशा वेळी एक पंख दुसऱ्याच्या क्षणभर आधी उघडला, तर एका बाजूलाच उचल मिळते, क्षेपणास्त्र कुशीवर वळतं आणि ते सरळ करायला हातात काहीच उरत नाही. म्हणून दोन्ही पंख एका सेकंदाच्या आत, बरोबरीने उघडून खटक्यात अडकले पाहिजेत. हे काम हायड्रॉलिक यंत्रणेकडे दिलं. 1957 मध्ये पाणबुडीवरून चाचणी झाली, 1959 मध्ये पी-5 सेवेत आलं आणि बेरियेव्ह यांचं काम गुंडाळलं गेलं.

नळीचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. ती हवाबंद करून आत नायट्रोजन भरता येतो. खारी हवा आणि दमटपणा यांनी जोडण्या गंजतात, विजेचे संपर्क कुचकामी होतात. आत कोरडा वायू असला की हे टळतं.

पण पाणबुडीला वर यावंच लागे. पी-5 नंतरच्या पी-6 मध्ये तर क्षेपणास्त्राच्या रडारवर दिसणारं चित्र पाणबुडीकडे येई आणि लक्ष्य तिथला माणूस निवडून देई. तोवर पाण्यावरच थांबणं आलं. पाण्याखालून डागायची सोय याच ब्युरोच्या अमेतिस्त क्षेपणास्त्राने केली, 1968 मध्ये. टर्बोजेट सोडून घनइंधन घेतलं, म्हणून ते जमलं. किंमत अर्थात पल्ल्याने मोजली.

1983 साली सेवेत आलेलं ब्युरोचं ग्रॅनिट मात्र पुन्हा टर्बोजेटवर: 10 मीटर लांब, सुमारे 7 टन. हवा आत घेणारं तोंड अर्धगोल टोपीने बंद, ती पाण्याबाहेर आल्यावर उडवायची. बाहेरचा दाब बरोबरीला आणण्यासाठी डागण्याआधी नळीत समुद्राचं पाणी भरायचं. गंमत पुढे आहे. हेच क्षेपणास्त्र किरोव्ह वर्गाच्या युद्धनौकांवर बसवलं, प्रत्येकीवर 20, आणि तिथेही डागण्याआधी नळीत पाणी भरावं लागे! नौका पाण्यावर तरंगतेय, तरी. दोन वेगळी क्षेपणास्त्रं बनवण्यापेक्षा जहाजाने पाणी भरणं परवडलं.

ओनिक्समध्ये, म्हणजे आपल्या ब्राह्मोसच्या थोरल्या भावात, हा विचार टोकाला गेला. त्याचं इंजिन रॅमजेट, म्हणजे वेगामुळे आत दाबल्या जाणाऱ्या हवेवरच चालणारं; ते उभ्याउभ्या चालूच होत नाही. आधी कुणीतरी ध्वनीच्या वेगापलीकडे न्यायला हवं. बूस्टर मागे जोडला तर लांबी वाढते, नळी वाढते. म्हणून तो रॅमजेटच्या ज्वलनकक्षातच, म्यानात तलवार घालावी तसा बसवला. क्षेपणास्त्र नळीतून वर फेकलं जातं, नाकावरच्या टोपीतले छोटे रॉकेट त्याला लक्ष्याकडे कलवतात, टोपी उडते, बूस्टर जळून संपतो आणि तोंडातून शिरणारी हवाच त्याचं रिकामं कवच मागून बाहेर ढकलते. मग केरोसीन पेटतं. 3 टनांचं क्षेपणास्त्र नळीसकट 3.9 टन भरतं. नळीचा व्यास जेमतेम 71 सेंटिमीटर. कारखान्यातून ते नळीत बंद होऊनच निघतं. पल्लाही एकच आकडा नाही: उंचावरून जाऊन शेवटी खाली उतरलं तर 300 किलोमीटर, सगळी वाट पाण्यालगत काढली तर 120. खालची हवा दाट, इंधन जास्त जळतं.

नाशिकला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने सुखोई-30 एमकेआय ब्राह्मोससाठी बदललं, तेव्हा नळी गेली. 25 जून 2016 रोजी पोटाखाली ब्राह्मोस घेऊन ते पहिल्यांदा उडालं. विमानाचा वेग आधीच हाताशी असतो, म्हणून बूस्टर लहान करता आला आणि वजन अडीच टनांवर आलं. सुखोईला इतकं ओझं मधल्या एकाच जागी पेलायचं, तर सांगाडा बळकट करणं भाग होतं.