न निवडलेली माणसं

(बेळगावात ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

पास्टरसाहेब, कमिटीची वडीलमंडळी, भगिनींनो आणि मागच्या बाकांवर दाटीनं बसलेल्या तरुणांनो,

'ख्रिस्ती माणसानं आपल्या मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांत, का टिकून राहावं' असा विषय मला दिलाय. देणाऱ्यांच्या मनात काय आहे ते कळतं. रविवारी सकाळी इथली पुढची बाकं रिकामी असतात आणि त्याच वेळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मोबाइल उभा करून ठेवलेला असतो. त्यात एक नामांकित उपदेशक बोलत असतात आणि इकडे कांदा परतला जात असतो. तेव्हा आज मी चार शब्द सुनवावेत अशी अपेक्षा असणार. पण दटावण्याचा पगार मी शाळेत पुष्कळ वर्षं घेतलाय, आता त्याचा कंटाळा आलाय. आणि दटावून आणलेलं पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा गैरहजर असतं.

म्हणून आधी न येणाऱ्यांची बाजू मांडतो. उपदेश लांबतो. गाणी रेंगाळतात. कमिटीची निवडणूक आली की वर्षभर न बोलणारे घरी चहाला येतात आणि निकालानंतर पुन्हा ओळख विसरतात. चर्चच्या जागेवरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात, वकिलांची मुलं शिकतात. ह्यातलं काहीही खोटं नाही. मी खजिनदार होतो, तेव्हा आतल्या गोष्टी मला तुमच्यापेक्षा दोन जास्तच ठाऊक आहेत. मंडळीत राहा म्हणजे ती चांगली आहे असं समजून राहा, असं मी म्हणणार नाही. तसं समजून राहिलेला माणूस पहिल्या भांडणाला निघून जातो.

बायबलातली प्रेषित पौलाची करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिलेली पत्रं काढून बघा. काय मंडळी होती ती! कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी म्हणतो मी अपुल्लोस ह्या दुसऱ्या उपदेशकाचा, म्हणजे गट आलेच. एकमेकांवर खटले चालू होते. आणि प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीची, तऱ्हा तर बघा. ज्यांच्या घरी सुबत्ता होती ते आपलं आपलं खाऊन मोकळे व्हायचे, ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहायचे, वर काहीजण प्यायलेले असायचे. पौल संतापला. त्यानं गावासमोर लाज काढावी अशा भाषेत लिहिलं. पण 'तुमच्यातले जे बरे आहेत त्यांनी उठून दुसरीकडे वेगळी मंडळी काढा' असं एका ओळीनंही लिहिलं नाही. त्यानं शेवटी सांगितलं काय, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट बघा. एवढं मोठं ईश्वरज्ञान आणि उपाय काय, तर पंगतीत थांबा! मला हे फार आवडतं.

फिलिप्पै गावची मंडळी त्यामानानं गोड. तिथंही युवदीया आणि संतुखे ह्या दोन बायकांचं बिनसलं होतं. पौलानं पत्रात दोघींची नावं घालून एकचित्त व्हा म्हणून विनवलं. पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं होतं. त्या दोघी कुठं बसल्या असतील, एकमेकींकडे बघितलं असेल का, हा विचार माझ्या मनात हमखास येतो. आपल्या महिला मंडळात असं पत्र वाचलं तर काय होईल, तो विचार मात्र करत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मोबाइलवरचा उपदेशक मी निवडलेला असतो. आवडला नाही तर अंगठ्यानं वर सरकवतो. गायनाचा ग्रुप मी निवडतो, प्रार्थनेचा व्हॉट्सॲप ग्रुप मी निवडतो, नको झाला तर म्यूट करतो. पण माझ्या शेजारच्या बाकावरचा माणूस मी निवडलेला नाही. तो कोण, काय करतो, त्याचं राजकारण काय, तो खोकतो किती, ह्यातलं मला कुणी विचारलं नव्हतं. त्याला प्रभूनं बोलावलं, मला प्रभूनं बोलावलं, आणि आम्ही एका बाकावर आलो. ख्रिस्तानं प्रीती करा म्हणून सांगितलं ते ह्या माणसावर. निवडलेल्या माणसांवर प्रेम करायला आज्ञा कशाला लागते? ते तर क्लबातही चालतं.

आमच्या कॅथोलिक बंधूंकडे एक चांगली रीत आहे. तुम्ही ज्या भागात राहता तो तुमचा धर्मग्राम, सहसा आवडीनिवडीवर ते ठरत नाही. बेळगावचा त्यांचा धर्मप्रांत 1953 सालचा. आपण मेथडिस्ट पंथाचे प्रॉटेस्टंट, आपल्याकडे पाळक बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. वार्षिक परिषदेत नेमणुकांची यादी वाचली जाते आणि ट्रकात सामान चढतं. आपले लोक मात्र उलटं धरून बसतात: 'ते पास्टर गेले, आता मी येत नाही.' अहो, पाळक जाणारच होते. राहायचं होतं ते तुम्हीच.

ह्या न निवडण्याला आपल्या बेळगावात एक खास धार आहे. 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीकडून इथं आले. पुढं 1904 मध्ये ते काम मेथडिस्टांकडे आलं. इथं मराठी, कानडी, तमिळ, इंग्रजी सगळंच कानावर पडणारं. मंडळीही तशाच झाल्या. मग 1956 आलं, मुंबई राज्यातला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यापुढचं मी सांगायला नको. 1 नोव्हेंबरला आपल्या गावात एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसऱ्या बाजूला काळा दिन असतो. शहाणा माणूस त्या दिवशी रस्ता बघून बाहेर पडतो. चर्चच्या कॅलेंडरात तोच दिवस सर्व संतांचा आहे. आणि दुसऱ्या दिवशी, 2 तारखेला, मृतांच्या स्मरणाचा. त्या दिवशी कॅथोलिक दफनभूमीत जाऊन बघा. शेजारशेजारच्या दोन थडग्यांवर एक घर मराठीत प्रार्थना करतंय, एक घर कोंकणीत, पलीकडे कानडीत चाललंय, आणि काडेपेटी एकच हातोहात फिरतेय, कारण वाऱ्यानं मेणबत्त्या विझतात.

सीमाप्रश्नावर तुमचं माझं मत असेल. माझं आहे, आणि ते मी मंडळीच्या दारात काढून ठेवत नाही. आमच्या कमिटीत एक कानडी वडील होते, त्यांचंही होतं, आणि ते माझ्या नेमकं उलट. आम्ही बारा महिने भांडलो असतो. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला आम्ही एकाच रांगेत गुडघे टेकत होतो. दोघांनीही मत बदललं नाही. फक्त त्यांच्याविषयी घरी बोलताना माझी जीभ जरा आखडती झाली. एवढंही मतदारसंघात होत नाही.

आणि हो, भाषेचं कौतुक करताना जातीचं झाकून ठेवू नये. भाकर एका ताटातली घेतो आणि सोयरीक जुळवताना मात्र हळूच 'मूळ कुठले?' विचारतो. येशूचा शिष्य पेत्र अंत्युखिया शहरात आधी विदेश्यांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता आणि यरुशलेमची माणसं आल्यावर मागे सरला, तेव्हा पौलानं त्याला तोंडावर सुनावलं. असं तोंडावर सुनावणारं माणूस आपल्याला मंडळीतच भेटू शकतं. घरात बसून व्हिडिओ बघणाऱ्याला कोण सुनावणार?

हंगामाच्या सणाचा लिलाव तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. वेदीपुढं उसाच्या मोळ्या, गुळाची ढेप, जोंधळ्याची कणसं, दुधी, मिरच्या, पाय बांधलेली कोंबडी. ती उपदेशाच्या ऐन मोक्यावर ओरडते. उपासना संपली की अंगणात पुकारा सुरू होतो. कानडीत 'ओंदु सल... एरडु सल...', म्हणजे एक वार, दोन वार, आणि लगेच मराठीत 'बोला, अजून कोण?' एखादी म्हातारी चार अंडी रुमालात बांधून आणते. बाजारात त्यांचं काय येतं ते तुम्हांला माहीत आहे. इथं कुणीतरी त्यांवर पाचशे लावतो, आणि जिंकून पुन्हा लिलावाला ठेवतो. दुसरा सातशे लावतो. ती अंडी तीनदा विकली जातात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. पण त्या दिवशी चर्चच्या हिशोबात सर्वांत मोठ्या जमेपैकी एक त्या म्हातारीच्या नावाची असते, आणि ती बाकावर ताठ बसलेली असते. हे ऑनलाइन दानार्पणात कसं करायचं ते कुणी मला दाखवावं. क्यूआर कोड आम्हीही लावलाय, त्याच्याशी माझं वैर नाही. पण क्यूआर कोडवर बोली लागत नाही.

हिशोबावरून आठवलं. आपल्या मेथडिस्टांची एक फार चांगली रीत पैशाच्या अडचणीतून निघाली. 1742 साल, इंग्लंडातलं ब्रिस्टल. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या लोकांनी सभागृह बांधलं होतं आणि त्याचं कर्ज डोक्यावर होतं. चर्चा झाली, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरत होतं. कुणी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही जमणार नाही. तेव्हा फॉय नावाचा एक कप्तान उठला. त्यानं सांगितलं की सर्वांत गरीब अकराजण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. त्यांनी दिलं तर ठीक, नाही तर त्यांचं मी भरीन. मग इतरांनीही तशी अकरा-अकरा घरं उचलली. आता घरोघरी पैसे मागायला गेल्यावर काय होतं? कोण पितोय, कुणाच्या घरात भांडण आहे, कोण आजारी आहे, ते दिसायला लागलं. वेस्लींना उमगलं की आपल्याला हवं होतं ते हेच. वसुली बाजूला राहिली आणि बाराजणांचे वर्ग मेथडिस्ट चळवळीचा कणा झाले.

मी खजिनदार असताना वर्गणीची वही घेऊन फिरलोय. लोक खजिनदाराला बघून टीव्हीचा आवाज कमी करतात, हे त्याचं सुख. पण वहीत कुणाच्या नावापुढं तीन महिने कोरे दिसले तर दोनच कारणं असतात: एक तर माणूस चिडलाय, नाही तर अडचणीत आहे. दोन्हीसाठी जावंच लागतं. कोऱ्या रकान्यामुळं कुणीतरी दार वाजवणं, सभासद असण्याचा अर्थ मला तरी तिथं कळला. तुम्ही हजारो लोकांच्या चॅनेलचे सबस्क्राइबर आहात. तीन महिने बघितलं नाहीत तर तिकडं कुणाला पत्ता लागतो?

बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात लिहिलंय की एकत्र जमणं सोडू नका, आणि पुढं असंही आहे की काहीजणांची तशी सवयच आहे. म्हणजे पहिल्या शतकातही दांड्या होत्या. पण त्याच वाक्याच्या आधी काय आहे ते बघा: एकमेकांना प्रीतीसाठी आणि चांगल्या कामांसाठी उत्तेजन द्या. जमायचं ते ह्यासाठी. नुसतं ऐकायचं असतं तर पत्र घरी पाठवलं असतं.

इथं कुणी तरुण मला टिळकांचं उदाहरण देईल, आणि द्यावंच. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि 1917 मध्ये त्यांनीच मिशनची नोकरी सोडली. मग आम्ही चर्च सोडलं तर काय बिघडलं? बिघडलं नाही, पण ते कुठं गेले तेही बघा. परकी शिस्त आणि मिशनचा पगार त्यांना जाचला, म्हणून ते त्यातून निघाले. निघून घरात बसले नाहीत; त्यांनी 'देवाचा दरबार' उभारायला घेतला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. त्यांची गाणी आज कोण गातं? हीच रेंगाळत गाणारी मंडळी. आपली आजी डोळे मिटून म्हणते त्यातलं निम्मं तरी टिळकांचं असतं, नाव तिला माहीत असो वा नसो.

म्हणजे कधी निघूच नये का? निघावं लागतं. पाळक किंवा पुढारी लेकराबाळांना, बायकांना हात लावतो आणि कमिटी ते दाबते. देवाच्या नावानं पैसे उकळले जातात आणि हिशोब मागणाऱ्याला शाप दिला जातो. ख्रिस्ताऐवजी एका माणसाचीच आरती चालते. अशा ठिकाणी सोशीकपणा दाखवू नये. तक्रार करावी, गरज असेल तिथं पोलिसात जावं, आणि निघावं. 'मंडळीची बदनामी होईल' असं कुणी म्हणालं तर बदनामी ते कृत्य करणाऱ्यानं केलीय असं स्पष्ट सांगावं. टिकून राहा हे वाक्य अशा लोकांच्या हातात ढाल म्हणून द्यायला मी तयार नाही. पण उपदेश आवडत नाही, निवडणुकीत आपला माणूस पडला, अमक्यानं माझ्या मुलीच्या लग्नाला आहेर केला नाही, ही निघण्याची कारणं नव्हेत. ती मत्तय अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी त्या माणसाच्या घरी एकट्यानं जाण्याची कारणं आहेत. जायला नको वाटतं, म्हणून तर आपण चर्च बदलतो.

शेवटी पुण्या-बेंगळुरूला निघालेल्यांसाठी. आपल्याकडून दरवर्षी मुलं नोकरीला जातात. आयांनी बॅगेत चटणी भरलेली असते, बायबल वरच्या कप्प्यात असतं. आणखी एक कागद न्या. पास्टरसाहेबांकडून सभासदत्वाचं बदलीपत्र मागून घ्या. तिकडं महिनाभर दोन-तीन ठिकाणी जाऊन बघा, त्याहून जास्त हिंडू नका. घरापासून जवळचं, शब्द प्रामाणिक सांगणारं असं एक धरा आणि ते पत्र तिथल्या पाळकांच्या हातात द्या. भाषा वेगळी असली तरी चालेल, सहा महिन्यांत कानडी येते, इथल्या निम्म्यांना येतेच. मग तिथं काही काम मागा. खुर्च्या लावायचं असो, संडे स्कूलचं असो. पत्र नुसतं खोलीत ठेवू नका. माझ्या ओळखीतल्या दोघांच्या खोलीत ते अजून आधारकार्डाच्या फाइलमध्येच आहे, आणि दोघंही मला फोनवर 'तिकडं चांगलं चर्चच नाही हो सर' असं सांगतात.

प्रश्न असतील तर विचारा. निवडणुकीवरचे नकोत.