दारावर पाटी नसलेलं शहर

(पडद्यावर : रंगीत छापील नकाशा. कॅमेरा वरून हळूहळू खाली येतो.)

1850 च्या सुमाराचं एदो. म्हणजे आजचं टोकियो. दहा लाखांच्या घरात वस्ती असलेली ही शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाची राजधानी. देशभरातले अडीचशेहून जास्त दाइम्यो, म्हणजे प्रांतांचे सरदार, शोगुनच्या हुकमानुसार एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत राहायचे. त्यांची बायकामुलं मात्र कायम इथेच, एका अर्थी ओलीस. एकेका सरदाराचे इथे दोन-दोन, तीन-तीन वाडे. शहराची निम्म्याहून कितीतरी जास्त जमीन सामुराईंच्या ताब्यात होती.

आणि या वाड्यांच्या दारांवर नावाची पाटी लावायची पद्धतच नव्हती.

लांबच लांब भिंती, बंद दरवाजे. आत कोण राहतं ते ज्याला ठाऊक, त्यालाच ठाऊक. बानचो नावाच्या मोहल्ल्यात शोगुनच्या थेट चाकरीतल्या सामुराईंची घरं खेटून उभी होती. त्या भागाबद्दल एदोत म्हणच पडली होती : बानचोत राहूनही बानचो कळत नाही. निरोप, भेटवस्तू किंवा थकलेलं बिल घेऊन निघालेला माणूस तिथे हमखास भरकटायचा.

बानचोला लागूनच कोजिमाची. तिथल्या ओमिया नावाच्या दुकानात जो तो पत्ता विचारायला यायचा. असं सांगतात, की रोज रोज वाट दाखवून कंटाळलेल्या मालकाने शेवटी त्या भागाचा नकाशाच छापून विकायला काढला. पुढे त्याच कोजिमाचीतला ओवारिया सेइशिची हा प्रकाशक मैदानात उतरला. 1849 पासून दहा-बारा वर्षांत त्याने एदोचे सुमारे 30 भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा, झगझगीत रंगांचा नकाशा काढला. या प्रकाराला म्हणतात ‘किरिएझु’. घडी घालून सहज जवळ बाळगता येईल, असा. चाकरीची मुदत संपवून गावी परतणारे सामुराई एदोची भेट म्हणून हे नकाशे घेऊन जात.

(पडद्यावर : नकाशाचा एक कोपरा, अगदी जवळून.)

आता हा वाचायचा कसा? पांढरे तुकडे सामुराईंच्या वाड्यांचे. करड्या रंगात व्यापारी आणि कारागिरांची वस्ती. लाल म्हणजे देवळं आणि बौद्ध मठ. रस्ते आणि पूल पिवळे, पाणी निळं, शेतं आणि नदीकाठचे बांध हिरवे.

पण खरी गंमत अक्षरांत आहे. काही नावं सरळ आहेत, काही आडवी, काही चक्क उलटी. छापणाऱ्याची चूक वाटावी असं दृश्य. चूक नाही ती. नावाचं डोकं ज्या बाजूला, त्या बाजूला वाड्याचा मुख्य दरवाजा. म्हणजे माणूस गल्लीत उभा असेल, तर नुसतं नाव कुठे तोंड करून आहे एवढं पाहून त्याला कळायचं, की दरवाजा याच गल्लीत आहे की पलीकडून वळसा घालून जायचंय. नावापाशी घराण्याचं चिन्ह असेल, तर तो सरदाराचा मुख्य वाडा. काळा चौकोन असेल तर मधला, काळा गोल असेल तर शहराच्या कडेचा, ऐसपैस बागेचा वाडा.

असा नकाशा भिंतीवर टांगून उपयोग नाही. तो चटईवर पसरायचा, चारी बाजूंनी माणसांनी बसायचं, आणि हवा तसा फिरवायचा. उत्तर दिशा वर असायलाच हवी, असा हट्ट इथे नाही. अंतरंही मापात नाहीत. जिथे नावं जास्त, तिथे जागा ताणलेली. जिथे नुसती शेतं, तिथे आक्रसलेली. मोजणीच्या दृष्टीने हा दोष म्हणता येईल. मला मात्र यात नकाशाचा हेतू लख्ख दिसतो. त्याला जमीन मोजायची नव्हती. कोण कुठे राहतं, हे सांगायचं होतं.

मोजणी जपानला येत नव्हती, असं मुळीच नाही. 1657 च्या मेइरेकी आगीत एदोचा निम्म्याहून जास्त भाग जळून गेला. किल्ल्याचा मुख्य बुरूजही त्यात गेला आणि तो पुन्हा कधीच उभा राहिला नाही. त्यानंतर शोगुनने शहराची काटेकोर मोजणी करवून घेतली. तिच्या आधारे ओचिकोची दोइन याने 1670 ते 1673 या काळात पाच भागांत एदोचा छापील नकाशा काढला. अंतराच्या बाबतीत तो पावणेदोनशे वर्षांनंतरच्या किरिएझुपेक्षा कितीतरी नेमका आहे.

(पडद्यावर : लाकडी ठसा, त्यावर फिरणारं कोरणीचं पातं.)

हे सगळं छापलं जायचं लाकडावरून. रानटी चेरीचं घट्ट, बारीक पोताचं लाकूड. पातळ कागदावर काढलेला नकाशा फळीवर पालथा चिकटवायचा आणि रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. आधीच चार दिशांना तोंड केलेली ती चिमुकली नावं, आणि कोरणाऱ्यासमोर ती आरशात पाहिल्यासारखी उलटी. शिवाय प्रत्येक रंगाची फळी वेगळी. कागद दरवेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला खाच.

बरं, शहर काही थांबून राहत नाही. वाड्याचा मालक बदलायचा, घराण्याची बदली व्हायची. मग अख्खी फळी नव्याने कोरायची का? नाही. जुनं नाव तेवढं खणून काढायचे, त्या खड्ड्यात लाकडाचा तुकडा घट्ट ठोकून बसवायचे आणि त्यावर नवं नाव कोरायचे. ओवारियाच्या एकाच भागाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या प्रती शेजारी ठेवल्या, की या दुरुस्त्या दिसतात.

नकाशात सगळ्यांची नावं. एकच जागा रिकामी. शोगुनचा किल्ला. तिथे शोगुनच्या तोकुगावा घराण्याचं तीन पानांचं चिन्ह आणि कोरा कागद. आत काय आहे, ते छापायची परवानगी नव्हती.

1868 मध्ये शोगुनशाही संपली, एदोचं टोकियो झालं. सरदार गेले, जमिनीचे तुकडे राहिले. होंगो भागाच्या किरिएझुत माएदा घराण्याचा प्रचंड वाडा आहे. आज तिथे टोकियो विद्यापीठ आहे आणि 1827 साली बांधलेलं त्या वाड्याचं लाल प्रवेशद्वार अजून उभं आहे. नाइतो घराण्याच्या वाड्याच्या जागी शिंजुकू ग्योएन ही बाग. तोकुगावा घराण्याच्या ओवारी प्रांतातल्या शाखेचा वाडा होता, तिथे आज संरक्षण मंत्रालय. जुना नकाशा हातात घेऊन आजही या शहरात हिंडता येतं.

आणि नेमकी तीच गोष्ट काहींना जाचते.

(पडद्यावर : आसाकुसाच्या उत्तरेचा भाग.)

इथे, वस्तीच्या कडेला, एका जागेवर ‘एता’ लोकांचं गाव अशी नोंद आहे. मेलेली जनावरं, चामडं, फाशीची शिक्षा यांच्याशी संबंधित कामं ज्यांच्या माथी मारली होती, ती ही माणसं. अपवित्र ठरवलेली. गावकुसाबाहेर ठेवणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 1871 च्या फर्मानाने हा दर्जा कायद्यातून गेला. पण जागा तीच राहिली, आणि पत्त्यावरून माणूस ओळखणंही सुरूच राहिलं. 1975 साली उघड झालं, की अशा वस्त्यांच्या गुप्त याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या; नोकरीला आलेला उमेदवार कुठला आहे, हे ताडून पाहायला.

पुढे असे जुने नकाशे गूगल अर्थवर आले. आजच्या टोकियोवर जुना कागद अलगद बसवून पाहता येऊ लागला. या वस्त्यांच्या वंशजांच्या संघटनेने त्याला हरकत घेतली, 2009 मध्ये त्याची जगभर बातमी झाली आणि त्या प्रतींवरून ते शब्द काढून टाकण्यात आले. नुसतं पुसून काय साधणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. माझं मत असं : शब्द राहू द्यावेत, पण ते कुणी, कुणाला आणि का चिकटवले, हे शेजारी ठळक लिहिलेलं असावं. म्हणूनच आम्हीही हा नकाशा इथे न खोडता दाखवला आहे.