गठ्ठा एक, रकाने सहा

(दृश्य: मागावर फिरणारी पुठ्ठ्यांची माळ. काही सेकंद फक्त मागाचा खडखडाट.)

सोलापूर. अक्कलकोट रोडची एमआयडीसी. सकाळचे साडेआठ.

मागाच्या डोक्यावर बघा. ही छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ वाचणारं यंत्र म्हणजे जकार्ड. पुठ्ठ्याला छिद्र असेल तिथे सुई आत शिरते, हूक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. छिद्र नसेल तिथे धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. असं हजारो वेळा झालं, की चादरीवर मोर उमटतो.

(दृश्य: फणी, अगदी जवळून.)

आणि ही फणी. ताण्याचे धागे हिच्या फटींतून ओवून घेतलेले असतात. ज्याची फट त्यालाच. एक धागा शेजारच्या फटीत गेला, तर खोट थानभर दिसत राहते.

(दृश्य: ऑफिस. लॅपटॉपचा पडदा.)

जिना उतरून खाली आलो की ऑफिस. इथे फणी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरी ताईंनी जशाच्या तशा एक्सेलमध्ये चिकटवल्या आहेत. ‘चादर डबल, 60 बाय 90, मरून, 24, 007, सोलापूर 413006’. माल, माप, रंग, नग, डिझाइन, पत्ता, सगळं एकाच सेलमध्ये. खाली अशाच दोनशे ओळी. मरून किती नग गेले, हे विचारलं तर ताईंना बोटानं मोजावं लागतं.

दिवाणजी काका चाळीस वर्षं खतावणी लिहीत आलेत. पडद्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, “रकाने कुठं गेले गं पोरी?”

(दृश्य: माउसवरचा हात, मग पडदा.)

रकाने आणायचे ते असे. ए कॉलम निवडायचा, वर ‘डेटा’मध्ये जायचं, ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ दाबायचं. तीन पायऱ्यांची खिडकी उघडते. पहिल्या पायरीला एक्सेल विचारतो: ‘डिलिमिटेड’ की ‘फिक्स्ड विड्थ’? म्हणजे मजकूर एखाद्या खुणेवर तोडायचा, की मोजून ठरावीक अक्षरांवर?

इथे थोडं थांबू, कारण हा दुसरा पर्याय वरच्या मजल्यावरच्या मागाचा नातेवाईक आहे. फ्रान्सच्या लियाँ शहरात जोसेफ मारी जकारनं 1804च्या सुमारास पुठ्ठ्यांवर चालणारा माग उभा केला. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तीच पुठ्ठ्यांची युक्ती घेतली. ते यंत्र पुरं झालं नाही. 1890च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन होलेरिथनं माणसांची माहिती कार्डांवर छिद्रं पाडून मोजली. 1928 साली आयबीएम कंपनीचं 80 रकान्यांचं कार्ड आलं. त्यात पहिले इतके रकाने नावाचे, पुढचे इतके गावाचे, असं आधीच ठरवून ठेवता यायचं. ‘फिक्स्ड विड्थ’ची रीत तीच. संगणकवाल्यांनी विणकराचे आभार कधी मानले, हे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

(दृश्य: पुन्हा पडदा. खिडकीत उभ्या रेघा.)

ताईंच्या ऑर्डरीत स्वल्पविराम आहेत, म्हणून ‘डिलिमिटेड’. दुसऱ्या पायरीला ‘कॉमा’वर खूण. ‘स्पेस’वर नाही. स्पेसवर तोडलं तर साखर पेठेतली साखर एका रकान्यात आणि पेठ दुसऱ्यात. काही जण स्वल्पविराम न देता एकाच सेलमध्ये ओळीखाली ओळ पाठवतात. त्यांच्यासाठी ‘अदर’च्या चौकटीत कंट्रोल-जे दाबायचं, ती नव्या ओळीची खूण. चौकट रिकामीच दिसते, पण काम होतं.

तिसरी पायरी लोक न वाचता ‘फिनिश’ करतात. ताईंनीही केली. 007चं 7 झालं. 12-5 नावाच्या डिझाइनची तर 12 मे ही तारीख झाली. तिथे डिझाइनच्या रकान्यावर क्लिक करून ‘जनरल’ऐवजी ‘टेक्स्ट’ निवडलं असतं, तर दोन्ही जसंच्या तसं राहिलं असतं. शेजारी बी कॉलममध्ये दर लिहिलेले होते. एक्सेलनं विचारलं, इथे आधीच माहिती आहे, तिच्यावर लिहू का? ताईंनी ‘ओके’ दिला. दर गेले. कंट्रोल-झेडनं परत आले. आता आधी उजवीकडे मोकळे कॉलम घालतात, मगच तोडतात.

नावांचं मात्र कुठल्याच पायरीत बसत नाही. मराठी गिऱ्हाईक बहुधा नाव आधी, आडनाव शेवटी असं पाठवतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी येतं. स्पेसवर तोडा, आडनावाच्या रकान्यात माणसाचं नाव जाऊन बसतं. ते काका नुसतं वाचून ओळखतात.

(दृश्य: ताई सूत्र टाइप करताना.)

टेक्स्ट टू कॉलम्स एकदाच तोडतं. उद्या नवी ऑर्डर आली की पुन्हा तोडा. नव्या एक्सेलमध्ये ‘टेक्स्टस्प्लिट’ हे सूत्र आहे, गूगल शीट्समध्ये ‘स्प्लिट’. मूळ सेल बदलला की रकाने आपोआप बदलतात. नुसता पिनकोड हवा असेल तर ‘राइट’ सूत्रानं शेवटची सहा अक्षरं घ्यायची. पण आधी ‘ट्रिम’, म्हणजे मागच्या-पुढच्या रिकाम्या जागा काढून टाकणारं सूत्र. नाहीतर शेवटी राहिलेली एक रिकामी जागा सहात मोजली जाते आणि पिनचा पहिला आकडा तुटतो.

मागच्या दिवाळीत दोन गठ्ठे भलत्याच गावी गेले होते. परत आले, भाडं अंगावर पडलं.

(दृश्य: गठ्ठे शिवणारी सुई. गठ्ठ्यावर चिकटवलेला छापील कागद.)

आता प्रत्येक गठ्ठ्यावर सहा रकान्यांचा कागद लागतो. काका चष्मा वर करून एकेका रकान्यावर बोट ठेवतात. डबल. 60 बाय 90. मरून. 24. पाचव्यावर बोट थोडं थांबतं.

007. दोन्ही शून्यं जागेवर आहेत.

(मागाचा आवाज वाढत जातो.)