मोजणाऱ्या फ्रेमनंही रांगेत उभं राहावं

नमस्कार. निमंत्रणात विषय छापलाय 'ईथरनेटवर डिले आणि लॉसचं मॉनिटरिंग कसं लावावं', म्हणजे ईथरनेटच्या जाळ्यातून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांना, फ्रेमना, किती उशीर होतो आणि त्यातल्या किती हरवतात, हे सतत कसं मोजावं. ते मी सांगणारच आहे. पण कमांड कुठलीही असो, ती टाइप करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की असावी लागते. ती आधी सांगते, कारण गेली कित्येक वर्षं मी ती मिळेल त्याला सांगत आलेय आणि आज एवढे सगळे एकदम मिळालेत.

जरा हात वर करा. तक्रार आली की आधी पिंग मारून, म्हणजे पलीकडच्या यंत्राला एक छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघणारे किती जण? सगळेच. मीही. आता दुसरा प्रश्न. पिंग ठीक आलं म्हणून समोरच्याला 'आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे' असं सांगणारे किती? बघा, हात कमी झाले आणि हसणारे वाढले.

पिंगवर माझा राग नाही. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी तो छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि चाळीस वर्षांनंतरही तो आपल्या हाताशी आहे. पलीकडे कुणी आहे का, एवढं विचारायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. पण स्विचच्या किंवा राउटरच्या पत्त्यावर पिंग मारला की उत्तर त्या डब्याचा सीपीयू देतो. त्या सीपीयूला राउटिंग सांभाळायचं असतं, लॉग लिहायचे असतात. पिंगला उत्तर देणं त्याच्या कामांच्या यादीत तळाला असतं आणि बहुतेक ठिकाणी त्यावर मर्यादाही घातलेली असते. ग्राहकाची फ्रेम मात्र सीपीयूकडे जातच नाही, ती हार्डवेअरमधून परस्पर पुढे निघून जाते. म्हणजे पिंगमध्ये लॉस दिसला तरी ग्राहकाचं एक अक्षर हरवलेलं नसेल, आणि पिंग स्वच्छ असताना ग्राहकाचे हाल चाललेले असतील. दोन्ही मी पाहिलंय. त्यातलं दुसरं आज सांगते.

एका ग्राहकाची दोन कार्यालयं होती, मध्ये साधारण २०० किलोमीटर फायबर. मुख्य कार्यालयाकडे १० गिगाबिटचा पोर्ट, शाखेकडे १ गिगाबिटची लिंक. तक्रार अशी की फोनवर बोलताना मध्येच आवाज तुटतो. आम्ही नुसत्या पिंगवर नव्हतो बरं का. आमच्याकडे रीतसर मॉनिटरिंग होतं, दर मिनिटाला एक डिलेची फ्रेम जायची आणि ग्राफ निघायचा. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २०० किलोमीटरला जाऊन-येऊन २ मिलिसेकंद. आमचा ग्राफ दाखवत होता २.१. सरळ रेष, रंग हिरवा. आम्ही तो ग्राफ पाठवला आणि कळवलं, तुमचे फोन तपासा.

त्यांनी फोन तपासले, नंतर बदललेही. तक्रार तशीच. तीन आठवडे हे चाललं. शेवटी मी स्वतः शाखेत गेले. तिथे फोन सांभाळणाऱ्या बाईंनी मला काही न बोलता एक वही दिली. साधी, रेघी, दोनशे पानी. प्रत्येक पानावर तारीख आणि खाली वेळा. '१०.१५ – आवाज गेला.' '१०.३० – गेला, परत आला.' '११.०० – साहेब बोलत होते, तीन शब्द गेले.' बाई, हे कशासाठी लिहिता, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही लोक म्हणता ना, काही झालेलंच नाही. म्हणून लिहून ठेवलं."

मी खुर्चीत बसून ती वही वाचली. जवळजवळ प्रत्येक नोंद १५, ३०, ४५ किंवा ०० वर. दर पंधरा मिनिटांनी. आणि 'तीन शब्द गेले' हे तर मोजमापच झालं! माणूस सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो. आवाजाचं एक पॅकेट साधारणपणे २० मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाला ५०. तीन शब्द गेले याचा अर्थ सलग पन्नासेक पॅकेटं गेली. त्या बाईंनी डोळे, कान आणि पेन एवढ्यावर आमच्यापेक्षा चांगलं लॉस मॉनिटरिंग केलं होतं. कारण त्या मोजत होत्या ती प्रत्यक्ष आवाजाची वाट, आवाजाचीच रांग. आम्ही काय मोजत होतो?

आमच्या मोजणाऱ्या फ्रेमवर प्रायॉरिटी, म्हणजे स्विचमध्ये कुठल्या रांगेत उभं राहायचं ते ठरवणारा आकडा, ७ होती, सगळ्यात वरची. कुणी मुद्दाम ठेवली नव्हती, त्या उपकरणात ती आधीपासून तशीच यायची आणि कुणी बदलली नाही. आवाज चालला होता प्रायॉरिटी ५ वर. मधला एक स्विच काही महिन्यांपूर्वी बदलला होता आणि नव्या स्विचवर ५ ची रांग नेमून द्यायची राहून गेली होती. त्यामुळे आवाज जाऊन पडत होता सर्वसाधारण रांगेत, बाकीच्या सगळ्या डेटाबरोबर. दर पंधरा मिनिटांनी मुख्य कार्यालयातून डेटाबेसची प्रत शाखेकडे सुटायची. १० गिगाबिटनं आत येणारा लोंढा १ गिगाबिटनं बाहेर पडायचा, म्हणजे सेकंदाला ९ गिगाबिट या वेगानं बफर, फ्रेम थांबतात ती जागा, भरत जायचा. रांगेचा बफर होता ५ मेगाबाइटचा. करा हिशेब. साडेचार मिलिसेकंदांत तो काठोकाठ भरतो, आणि भरलेला उपसायला ४० मिलिसेकंद लागतात. भरल्यावर येणारी फ्रेम टाकून दिली जाते. आणि ७ ची रांग? ती रिकामीच. तिथून आमची फ्रेम दिमाखात जायची आणि २.१ लिहून यायची.

मी तिथेच बसून मोजणीची प्रायॉरिटी ७ ची ५ केली आणि वेग सेकंदाला एक केला. पुढच्या पंधराव्या मिनिटाला ग्राफ २.१ वरून ४२ वर गेला. त्या बाईंना बोलावून दाखवला. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग वहीत वेळ लिहिली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मोजणाऱ्या फ्रेमनं डेटाच्या फ्रेमचंच आयुष्य जगायला हवं. तोच व्हीलॅन, म्हणजे जाळ्यातला तोच आभासी कप्पा, तीच प्रायॉरिटी, तीच रांग, तीच वाट, जमेल तितका तोच आकार. तिला मागच्या दारानं आत सोडलं की ती मागच्या दाराचीच खबर आणणार.

इथे कुणीतरी म्हणेल, सरासरीत तर हे दिसलंच असतं. नसतं दिसलं, आणि याचा मला अजून राग येतो. सेकंदाला एक फ्रेम म्हणजे पंधरा मिनिटांत ९००. त्यातल्या दोन फ्रेमना प्रत्येकी ४० मिलिसेकंद जास्त लागले, तर सरासरी वाढते ८० भागिले ९००, म्हणजे ०.०९ मिलिसेकंद. ग्राफवरची रेषच तेवढी जाड असते! ९९ वा पर्सेंटाइल लावा, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का सोडून उरलेल्यांतला मोठा आकडा घ्या, तोही चुकवतो, कारण ९०० चा एक टक्का म्हणजे ९ आणि बिघडलेल्या फक्त दोन. म्हणून सर्वात मोठा आकडा वेगळा साठवा आणि फ्रेमना पट्ट्यांमध्ये मोजा: ५ मिलिसेकंदांच्या आत किती, १० च्या आत किती, २० च्या वर किती. सरासरी ठेवायची तर ठेवा, पण तिच्यावर निर्णय घेऊ नका.

आता थोडं मागे जाते, म्हणजे हे सगळं वरून का चिकटवावं लागलं ते कळेल. बॉब मेटकाफ यांनी ईथरनेटची टिपणी लिहिली २२ मे १९७३ ला. कल्पना एका इमारतीतल्या केबलची होती. फ्रेम बिघडली की ती गुपचूप टाकून द्यायची, पाठवणाऱ्याला सांगायचं नाही. पोच नाही, पावती नाही. इमारतीत ते चाललं, कारण काही बिघडलं तर जिना उतरून केबल बघता यायची. पुढे तीच ईथरनेट शेकडो किलोमीटरवर सेवा म्हणून विकली जाऊ लागली, करारात डिले आणि लॉसचे आकडे आले, आणि मोजायला काहीच नाही असं लक्षात आलं. मग २००६ मध्ये आयटीयू-टीचं वाय.१७३१ आणि २००७ मध्ये आयईईईचं ८०२.१एजी ही मानकं आली. दुसरं दोष शोधायला, पहिलं त्याच्याबरोबर मोजमापही करायला.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरली आहेत. तर आता जो विषय छापलाय तो. भराभर सांगते, लिहून घ्या.

आधी सेवेच्या दोन टोकांना मेप, म्हणजे मोजणीच्या फ्रेम सोडणारे आणि घेणारे बिंदू, बसवा. ग्राहकाच्या पोर्टवर बसवायचा तर 'अप' मेप घ्या. त्याच्या फ्रेम स्विचच्या पोटातून जातात, म्हणून डब्याच्या आतला डिलेही मोजला जातो. 'डाऊन' मेप पोर्टवरून थेट तारेकडे तोंड करून बसतो, तो एकेका लिंकसाठी बरा. प्रत्येक मेपला लेव्हल असते, मोजणी कुणाची ते सांगणारी, ० ते ७. रूढ वाटणी अशी की ७, ६, ५ ग्राहकाच्या, ४, ३ सेवा देणाऱ्याच्या आणि २, १, ० जाळं चालवणाऱ्याच्या. मेप आपल्या आणि खालच्या लेव्हलची फ्रेम अडवतो, वरच्या लेव्हलची जाऊ देतो. दोन टोकांना लेव्हल किंवा मेगचं, म्हणजे एकत्र मोजणाऱ्या मेपच्या गटाचं, नाव वेगळं पडलं की काही चालत नाही. नव्या जोडणीत निम्म्या वेळा हेच सापडतं, तेव्हा आधी तिथे बघा.

मग सीसीएम, म्हणजे 'मी आहे' एवढंच सांगत राहणाऱ्या फ्रेम, सुरू करा. सेकंदाला एक पुरते. साडेतीन सेकंद एकही आली नाही की अलार्म येतो. सीसीएम स्थिर झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिलेसाठी डीएमएम, म्हणजे पलीकडून उत्तर आणणारी मोजणीची फ्रेम. पाठवताना वेळ टी१, पलीकडे पोचताना टी२, तिथून निघताना टी३, परत येताना टी४. डिले म्हणजे टी४ वजा टी१, आणि त्यातून 'टी३ वजा टी२' एवढा वेळ कमी. पलीकडच्या डब्यानं विचार करायला घेतलेला वेळ असा निघून जातो, आणि दोन घड्याळं एकमेकांशी जुळलेली नसली तरी चालतं. वेळेचा शिक्का हार्डवेअरमध्ये पडतोय ना, हे मात्र तपासा. सॉफ्टवेअरनं शिक्का मारला तर जिटरच्या, म्हणजे डिलेतल्या चढउताराच्या, नावाखाली तुम्ही सीपीयूची धांदल मोजाल. एकेरी डिले हवा असेल तर दोन्ही टोकांना घड्याळं जुळवणारं पीटीपी लागतं, म्हणजे आयईईई १५८८. ते नसेल तर जाऊन-येऊनच्या आकड्याचा निम्मा करून लिहू नका. आमच्या त्या प्रकरणात ४० मिलिसेकंद सगळेच्या सगळे शाखेकडे जाताना होते, येताना शून्य.

लॉससाठी दोन वाटा. एलएमएम खऱ्या डेटाच्या फ्रेमचे काउंटर दोन्ही टोकांना जुळवतं. इतक्या पाठवल्या, इतक्या मिळाल्या, मागच्या वेळच्या आकड्यांशी फरक काढा. खरा लॉस कळतो, पण फक्त दोन टोकांच्या सेवेत. तीन ठिकाणं जोडलेली असली की एकाकडून निघालेल्या फ्रेम दोघांत वाटल्या जातात आणि हिशेब मोडतो. शिवाय काउंटर ३२ बिटांचा. १० गिगाबिटवर सर्वात लहान फ्रेम सेकंदाला १ कोटी ४८ लाखांहून जास्त जाऊ शकतात, त्या वेगानं काउंटर पाच मिनिटांच्या आत गोल फिरून शून्यावर येतो. मोजणीचं अंतर त्यापेक्षा बरंच कमी ठेवा.

दुसरी वाट एसएलएम. स्वतःच्या फ्रेम पाठवायच्या आणि किती हरवल्या ते मोजायचं. कुठल्याही रचनेत चालतं, पण ते नमुन्यावरून काढलेलं अनुमान असतं. सेकंदाला एक पाठवली तर पंधरा मिनिटांत ९००, त्यातली एक हरवली की लॉस ०.११ टक्के. करारात ०.०१ टक्का लिहिलं असेल तर या ९०० मधून ते कधीच सिद्ध होणार नाही. सेकंदाला दहा पाठवा आणि आकडा तासाचा धरा, म्हणजे ३६,००० फ्रेम होतात. एकापेक्षा जास्त प्रायॉरिटी विकल्या असतील तर प्रत्येकीसाठी वेगळं सेशन. होय, प्रत्येकीसाठी. खर्च वाढतो, तरीही.

आकार. १५०० बाइटची फ्रेम १ गिगाबिटवर तारेत उतरायला १२ मायक्रोसेकंद घेते, १०० मेगाबिटवर १२०. म्हणून ६४ बाइटवर थांबू नका, भर घालून फ्रेम डेटाएवढी करा. आणि लिंक चार तारांची जुडी असेल तर हॅश, म्हणजे कुठली फ्रेम कुठल्या तारेवर ते ठरवणारं गणित, तुमची मोजणारी फ्रेम कायम एकाच तारेवर टाकेल, बाकीच्या तीन तुम्हाला दिसणारच नाहीत. तिथे प्रत्येक तारेवर खालच्या लेव्हलचा वेगळा मेप लावा.

चिठ्ठी पुन्हा आली. शेवटचं. सेवा सुरू करण्याआधी आपलं मॉनिटरिंग खोटं पाडून बघा. मुद्दाम गर्दी करा आणि ग्राफ हलतो का पाहा. बाहेरच्या टेबलावर मी दोन स्विच आणलेत, मधली लिंक १०० मेगाबिटवर उतरवून ठेवलीय. एक सेशन प्रायॉरिटी ७ वर चालू आहे, दुसरं ५ वर, आणि ५ ची रांग मी नेमून दिलेली नाही. चहाच्या वेळेत या, लोंढा तुम्हीच सोडा आणि कुठला ग्राफ उठतो ते बघा. प्रश्न तिथेच घेऊ.