पाणी काही लहान होत नाही

मंडळी, नाशिककराने जहाज बांधायचं म्हटलं की आधी हसू येतं. आपली गोदावरी त्र्यंबकला उगवते, तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर. पण ही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. बंदर आपल्या नशिबातच नाही. तरी सातपूरच्या टूलरूममधून निवृत्त झाल्यावर मी रिमोटवर चालणारी छोटी क्षेपणास्त्र नौका बांधायला घेतली. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर ज्या ओसा या सोव्हिएत वर्गाच्या होत्या, त्या वर्गाची.

खरी नौका 38.6 मीटर लांब. मी 1:40 प्रमाण धरलं. मॉडेल आलं साडेशहाण्णव सेंटिमीटर. इथवर सोपं. घोळ आहे वजनाचा. लांबीला 40 ने भागलं, तर वजनाला 40 च्या घनाने, म्हणजे 64,000 ने भागावं लागतं, कारण रुंदी आणि उंचीही तितकीच घटते. खरी नौका भरल्या अंगाने साधारण 210 टन. माझ्या वाट्याला आले सव्वातीन किलो! त्यातच मोटर, बॅटरी, सर्व्हो म्हणजे सुकाणू वळवणारी छोटी मोटर, रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि सांगाडा. एक तोळा जास्त झाला तरी हिशेब लागायचा, म्हणून घरातला किराण्याचा वजनकाटा माझ्या टेबलावर आला तो परत गेलाच नाही. त्यावरून काय ऐकावं लागलं, ते इथे सांगत नाही.

पहिल्यांदा गच्चीवरच्या हौदात सोडली, तर बाईसाहेब डाव्या कुशीवर आडव्या. कारण दिसायला वेळ लागला नाही. डेकवरच्या क्षेपणास्त्रांच्या चार पेट्या मी 3 मिलिमीटर प्लायवूडच्या केल्या होत्या. 3 ला 40 ने गुणा, 12 सेंटिमीटर! एवढ्या जाड भिंतींची पेटी कुठल्या नौकेच्या डोक्यावर असते? मग चारही पेट्या मोडल्या आणि एक मिलिमीटर प्लास्टिक शीटच्या पुन्हा केल्या. बॅटरी अगदी तळाशी नेली, टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे आणून तिच्या शेजारी चिकटवले. तेव्हा कुठे ती ताठ उभी राहिली.

रेडिओचं थोडक्यात. दोन चॅनेल पुरतात, एक वेगाला, एक सुकाणूला. निकोला टेस्लाने 1898 साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर बिनतारी होडी चालवून दाखवली, तेव्हापासून तत्त्व तेच. आताचे सेट 2.4 गिगाहर्ट्झचे. ही लहर पाण्यात शिरत नाही, म्हणून अँटेना जलरेषेच्या वर ठेवायची. आणि फेलसेफ लावल्याशिवाय नौका सोडायची नाही; सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबली पाहिजे.

हे सगळं करून गंगापूर धरणाच्या फुगवट्याला गेलो. वारं होतं, लाटा वीतभरसुद्धा नाहीत, दहाएक सेंटिमीटर. पण माझ्या नौकेला त्या चार मीटरच्या! नौका चाळीसपट लहान केली, पाणी मात्र होतं तेवढंच राहिलं. वेगाचंही तसंच. 40 चं वर्गमूळ सव्वासहा, तेव्हा खरीचा वेग सव्वासहाने भागला तरच पाणी खऱ्यासारखं फाटतं. डोलतेही ती सहापट झरझर, म्हणून खेळणं वाटते. नातवाने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं आणि पाहतो तर काय, खरंखुरं जहाज!

मग पानवेल, म्हणजे जलपर्णी. खऱ्या नौकेला पाण्याखाली तीन पंखे, मी मधला एकच फिरवतो. त्याला पानवेलीची मुळं गुंडाळली, मोटर जाम, तिचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा धूर, आणि नौका काठापासून पन्नास पावलांवर निवांत. शेवटी गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तिच्या पलीकडे फेकला आणि हळूहळू ओढून आणली. तेव्हापासून ती दोरी आधी पिशवीत जाते, नौका नंतर.

आता आवारात टाकी भरून ठेवली आहे. ज्यांना चालवायची त्यांनी आधी रिमोट चालू करा, मग नौका. बंद करताना उलटं. आणि वेगाची काठी अगदी नखभरच ढकला, टाकी सहाच फुटांची आहे.