कपाटाच्या आतल्या बाजूचं काय?

मंडळी, कार्यशाळेतल्या कपाटांना कोणतं पॉलिश द्यावं, हा आजचा विषय. त्याकडे येतोच. पण आधी कपाटाच्या आतल्या बाजूबद्दल बोलू द्या, कारण सगळी चर्चा बाहेरच्या चकाकीची होते आणि आतल्या बाजूची कुणी दखलच घेत नाही.

दाराला बाहेरून तीन हात द्यायचे आणि आतून कोरं सोडायचं, ही सवय फार पसरलेली आहे. दार सलग लाकडाच्या रुंद फळीचं असेल तर दमट हवेत कोरी बाजू बाष्प भराभर शोषून फुगते. पॉलिशची बाजू मात्र मागे राहते. मग फळीच्या कडा पॉलिशच्या बाजूकडे वळतात, दार चौकटीत बसेना होतं आणि दोष बिजागरीला दिला जातो! हात द्यायचे तर दोन्ही बाजूंना सारखेच द्या. रुंद फळीच्या टोकांनाही द्या, कारण तिथल्या उघड्या नळ्या सर्वात जास्त पाणी ओढतात.

दुसरी चूक म्हणजे खणाच्या आत अळशीचं तेल लावणं. तेल वाळतं ते हवेतला प्राणवायू घेऊन. बंद खणात हवा खेळत नाही, त्यामुळे वास महिनोन्‌महिने राहतो आणि आत ठेवलेल्या कागदाला, कापडाला लागतो. आतून चपडी लाखच (शेलॅक) लावा. मेण काढलेली चपडी 1 लिटर स्पिरिटला 120 ग्रॅम घ्या, रात्रभर भिजवा आणि बारीक कापडातून गाळा. 180 नंबरच्या पेपरने घासलेल्या लाकडावर दोन पातळ हात पुरतात. पहिला वाळला की 320 ने हलकेच घासून दुसरा द्या. वास तासाभरात बराचसा उडून जातो.

बाटलीवर तारीख मात्र लिहा, माझा हा आग्रहच आहे. भिजवलेली लाख महिन्यागणिक बिघडत जाते आणि मग ती कधीच कडक होत नाही. शंका आली तर काचेवर एक थेंब सोडा. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर बाटली बाद. दमट दिवशी पांढुरका डाग पडला तर घाबरू नका. बहुतेक वेळा स्पिरिटने ओलसर केलेला बोळा एकदा हलक्या हाताने फिरवला की तो जातो.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा बाहेरची बाजू आता भराभर सांगतो.

माझं मत असं, की कार्यशाळेच्या कपाटाला ओरखडे पडणारच. त्यामुळे सर्वात कडक थर शोधण्यापेक्षा जागच्या जागी दुरुस्त होईल असा थर निवडा. दोन भागांचं, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचं पीयू (पॉलियुरेथेन) थिनरला दाद देत नाही, पण ओरखडा पडला की खाली घासून नवा हात द्यावा लागतो आणि त्याच्या हार्डनरच्या वाफा फवारताना फुप्फुसाला घातक असतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर झटपट वाळतं, पण थिनर सांडला की विरघळतं. लाख स्पिरिटने उतरते, म्हणून ती बाहेर नको.

बाहेरून तेलाचं व्हार्निश आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं मिसळून कापडाने पुसत लावा. तीन ते चार हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या आणि मध्ये 320 ने घासा. पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी दार दाबून बंद केलंत तर ते चौकटीला चिकटेल आणि उघडताना थर निघून येईल.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेटतात. मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.