विमान तेच, माप निराळे

विमानतळावर बोर्डिंगच्या रांगेजवळ केबिनमध्ये न्यायच्या बॅगेचे माप तपासण्यासाठी धातूची एक चौकट ठेवलेली असते. बॅग तिच्यात उतरली तर प्रवासी पुढे जातो. चाक किंवा मूठ अडली तर त्याला तिथल्या तिथे शुल्क भरावे लागते, आणि तिकीट स्वस्तातले असेल तर हे शुल्क तिकिटाच्या किमतीहूनही जास्त होऊ शकते. अशी चौकट बहुतेक कंपन्यांकडे असते, मात्र तिचे माप प्रत्येकीचे वेगळे असते.

विमाने लहानमोठी असल्यामुळे नियमही निरनिराळे असणार, अशी आपली समजूत असते. ती पारखण्यासाठी एअरबस ए३२० हे एकच विमान घेऊ. या विमानाच्या इकॉनॉमी वर्गात इंडिगो ७ किलोंची बॅग नेऊ देते, तर लुफ्तान्सा ८ किलोंची. एअर फ्रान्सची मर्यादा बॅग आणि सोबतची लहान पिशवी मिळून १२ किलोंची आहे, आणि ब्रिटिश एअरवेज एकट्या बॅगेसाठी तब्बल २३ किलोंपर्यंत परवानगी देते. मापांचेही तसेच आहे. लुफ्तान्साला ५५ बाय ४० बाय २३ सेंटीमीटरची बॅग चालते, एअर फ्रान्सला ५५ बाय ३५ बाय २५ ची, आणि ब्रिटिश एअरवेजला ५६ बाय ४५ बाय २५ ची. युरोपातील स्वस्त विमानसेवांमध्ये, जिथे आसनाखाली मावेल एवढीच पिशवी विनामूल्य नेता येते, विझ एअर ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटरवर थांबते आणि ईझीजेट ४५ बाय ३६ बाय २० पर्यंत जाऊ देते. पहिल्या मापाची पिशवी २४ लिटरची होते आणि दुसऱ्या मापाची ३२ लिटरांहून थोडी मोठी. या दोन्ही कंपन्या ए३२० याच घराण्यातील विमाने उडवतात. एवढी तफावत विमानाच्या रचनेतून येऊच शकत नाही. ती कंपन्यांच्या दरपत्रकातून येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या दरपत्रकाचा इतिहास फार जुना नाही. २००८ साली इंधनाचे भाव भडकलेले असताना अमेरिकन एअरलाइन्सने चेक-इनच्या पहिल्या बॅगेवर १५ डॉलर आकारायला सुरुवात केली, आणि इतर कंपन्यांनीही हळूहळू तीच वाट धरली. पैसे वाचवण्यासाठी लोक सामान केबिनमध्ये नेऊ लागले, डोक्यावरचे कप्पे भरून वाहू लागले, आणि मग त्या कप्प्यांनाही किंमत लागली. अमेरिकेतील स्पिरिट एअरलाइन्सने २०१० मध्ये कप्प्यात ठेवण्याच्या बॅगेवर शुल्क लावले. नोव्हेंबर २०१८ पासून आयर्लंडच्या रायनएअर या स्वस्त विमानसेवेने साध्या तिकिटावर केवळ आसनाखालची लहान पिशवी विनामूल्य ठेवली. पुढे २०२५ मध्ये याच कंपनीने नियमाबाहेरची बॅग पकडून देणाऱ्या कर्मचाऱ्याला मिळणारी रक्कम दर बॅगेमागे दीड युरोवरून अडीच युरो केली. बॅग मोजणाऱ्याची कमाई बॅग मोठी ठरण्यावर अवलंबून असेल, तर त्या मोजमापाच्या निःपक्षपातीपणावर प्रवाशाने विश्वास कसा ठेवावा, हा प्रश्न आम्हाला अतिशय गंभीर वाटतो.

कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. कप्प्यांतील जागा खरोखरच मर्यादित असते, आणि लहान विमानतळांवर उतरणाऱ्या एटीआर ७२ सारख्या विमानात तर ती आणखी कमी असते, त्यामुळे तिथे वेगळे माप असणे रास्त आहे.

सर्वांसाठी एकच माप ठरवण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, जून २०१५ मध्ये मायामी येथे ५५ बाय ३५ बाय २० सेंटीमीटरचे शिफारशीचे माप जाहीर केले. अमेरिकेत तोवर साधारणपणे ५६ बाय ३६ बाय २३ सेंटीमीटरची बॅग चालत असे. नवे माप त्याहून लहान असल्याने लोकांना नव्या बॅगा विकत घ्याव्या लागतील, अशी ओरड तिथे झाली आणि काही दिवसांतच संघटनेने ही योजना थांबवली.

कायद्याने मात्र प्रवाशाची बाजू थोडी अधिक धरली आहे. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये व्ह्युएलिंग या स्पॅनिश कंपनीच्या प्रकरणात असे म्हटले की, हातसामान हा प्रवासाचा आवश्यक भाग असून वजन आणि माप वाजवी असेल तर त्यासाठी वेगळे पैसे घेता येणार नाहीत. वाजवी माप किती सेंटीमीटरचे, हे मात्र न्यायालयाने सांगितले नाही, आणि पुढचा सगळा वाद याच मोकळ्या जागेत चालला आहे. हातसामानाचे वेगळे पैसे घेण्यासारख्या प्रथांबद्दल स्पेनच्या ग्राहक हक्क मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. जून २०२५ मध्ये युरोपीय संसदेच्या वाहतूक समितीने आसनाखालच्या पिशवीसोबतच, तिन्ही बाजूंची बेरीज १०० सेंटीमीटर आणि वजन ७ किलोंपर्यंत असलेली आणखी एक बॅग विनामूल्य असावी, या बाजूने कौल दिला. त्यानंतर लवकरच युरोपातील मोठ्या कंपन्यांच्या संघटनेने आपल्या सदस्य कंपन्या किमान ४० बाय ३० बाय १५ सेंटीमीटरची पिशवी नक्की नेऊ देतील, असे जाहीर केले. गणित केले तर ही पिशवी अवघ्या १८ लिटरची भरते, म्हणजे रायनएअरच्या तोवरच्या २० लिटरच्या पिशवीहूनही लहान. एकसारखेपणा येतो आहे, पण तो सर्वांत खालच्या पायरीवर येतो आहे.

आपल्याकडची विसंगती आकाराने लहान असली तरी तितकीच अनाकलनीय आहे. इंडिगो बॅगेच्या तिन्ही बाजूंची बेरीज ११५ सेंटीमीटर धरते. एअर इंडियाचे माप ५५ बाय ४० बाय २० आहे आणि त्याचीही बेरीज ११५ च येते. तरीही ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरची बॅग पहिल्या कंपनीत नियमात बसते आणि दुसरीत जाडीला पाच सेंटीमीटर जास्त भरते. पुण्याहून दिल्लीला एका कंपनीने जाऊन दुसरीने परतणाऱ्या माणसाला हा फरक कुठे समजावा? मुंबईहून ब्रिटिश एअरवेजने लंडनला पोहोचून पुढचे स्वस्त तिकीट वेगळे काढणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण तर याहून मोठी असते, कारण मुंबईत विनातक्रार आत गेलेल्या त्याच बॅगेसाठी त्याला लंडनमध्ये पैसे मोजावे लागतात.

भारतात हे सुधारणे कठीण नाही. देशांतर्गत इकॉनॉमी प्रवासासाठी सात किलोंची मर्यादा इंडिगो आणि एअर इंडिया या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी आधीच स्वीकारली आहे आणि त्यांच्या ताफ्यात ए३२० घराण्याचीच विमाने मोठ्या संख्येने आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने लांबी, रुंदी आणि जाडीचे तीन किमान आकडे ठरवून द्यावेत, चाके व मूठ त्यात धरली आहेत की नाहीत हे स्पष्ट लिहावे, आणि तिकिटाची किंमत ज्या पानावर दिसते त्याच पानावर हे आकडे व जादा शुल्क छापणे बंधनकारक करावे.